गव्हाची, धन्याची, संत्र्याच्या सालीची... पण दारूच!

एप्रिल उजाडला की दवाखान्यात एक ठरलेला संवाद सुरू होतो. मी विचारतो, "दारू घेता का?" समोरून ठाम उत्तर येतं, "छे छे, डॉक्टर, अजिबात नाही." मी पुढे विचारतो, "आणि बिअर?" "बिअर काय हो, ती चालतेच. उन्हाळ्यात लागतेच. आणि मी ती कडू बिअर घेतच नाही, गव्हाची घेतो. बेल्जियन. एकदम हलकी असते."

हा लेख त्या शेवटच्या वाक्याबद्दल आहे. दारू प्यावी की पिऊ नये, हा नैतिक वाद मला घालायचा नाही. तो घालायला प्रत्येक घरात कुणी ना कुणी समर्थ आहेच. माझं भांडण एका शब्दाशी आहे. 'हलकी' हे चवीचं वर्णन आहे, आपण मात्र ते तब्येतीचं प्रमाणपत्र म्हणून वापरतो. आणि त्या प्रमाणपत्राच्या जोरावर भर उन्हात, औषधांसोबत, गाडी चालवायच्या आधी ग्लासामागून ग्लास रिकामे होतात.

आधी चवीला न्याय देऊ

बेल्जियमची ही बिअर 'विटबिअर' म्हणून ओळखली जाते. 'विट' म्हणजे पांढरी. ब्रसेल्सच्या पूर्वेला हूगार्डन नावाचं एक छोटं गाव आहे, तिथली ही खासियत. १९५० च्या दशकात गावातला शेवटचा कारखाना बंद पडला आणि हा प्रकार संपल्यात जमा झाला. १९६६ मध्ये पिएर सेलिस नावाच्या तिथल्याच एका दूधवाल्याने तो पुन्हा सुरू केला. आज जगभर, आणि आपल्या पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रुअरींमध्येही, 'बेल्जियन विट' म्हणून जे मिळतं त्याची वंशावळ त्या दूधवाल्यापाशी जाते.

कृती साधी आहे. बार्लीचा माल्ट, त्याच्या जोडीला जवळपास तेवढाच मोड न आणलेला कच्चा गहू, थोडे हॉप्स, आणि मग आपल्या ओळखीच्या दोन गोष्टी: धने आणि संत्र्याची वाळलेली साल. गव्हातली प्रथिनं आणि न गाळलेलं यीस्ट यांमुळे ती ताकाच्या निवळीसारखी गढूळ, फिकट पिवळी दिसते. वर पांढरा, जाड फेस येतो. नाकाशी नेली की आधी संत्रं, मागून धने, कधी लवंगेची पुसट आठवण. जिभेवर मऊ, किंचित आंबट. कडवटपणा अगदी कमी. बाटली ओतायचीही पद्धत आहे. दोन तृतीयांश ओतायची, उरलेली बाटली हलकेच फिरवून तळाचं यीस्ट सैल करायचं आणि मग ते वरून सोडायचं.

चांगली बनवलेली विटबिअर चवीला छान असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. डॉक्टरांनी खोटं बोलून लोकांना घाबरवायला गेलं की लोक डॉक्टरांचं खरंही ऐकेनासे होतात. पण तिची हीच खुबी तिचा धोका आहे. कडवटपणा हा नैसर्गिक ब्रेक असतो, कडू बिअर माणूस दमाने पितो. इथे तो ब्रेकच काढून टाकलाय. जे सरबतासारखं लागतं ते सरबतासारखं प्यायलं जातं.

हलकं नेमकं काय आहे? हिशेब करू

मूळ बेल्जियन विटबिअरमध्ये अल्कोहोल सुमारे ४.९ टक्के असतं. "फक्त पाच टक्के!" असं वाटणं साहजिक आहे. पण यकृताला टक्के कळत नाहीत, त्याला ग्रॅम कळतात. आणि ग्रॅम किती हे टक्क्यांइतकंच ग्लासाच्या आकारावर ठरतं. एक मिलीलिटर अल्कोहोलचं वजन सुमारे ०.८ ग्रॅम असतं. आता बघा:

- ३३० मिलीची विटबिअर (४.९ टक्के): सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल
- ५०० मिलीचा मोठा ग्लास: सुमारे १९ ग्रॅम
- व्हिस्कीचा स्मॉल पेग, ३० मिली (४२.८ टक्के): सुमारे १० ग्रॅम
- व्हिस्कीचा लार्ज पेग, ६० मिली: सुमारे २० ग्रॅम

दुसरी आणि चौथी ओळ पुन्हा वाचा. धने घातलेला, संत्र्याचा वास येणारा तो गोड गढूळ अर्धा लिटर म्हणजे व्हिस्कीचा एक लार्ज पेग आहे. "मी दुपारी दोनच ग्लास घेतले" याचं मराठी भाषांतर "मी दुपारी दोन लार्ज मारले" असं होतं. दुसरं वाक्य आपण सासूबाईंसमोर म्हणू का? मग पहिलं का म्हणतो?

हे १९ ग्रॅम निपटायला यकृताला साधारण दोन ते तीन तास लागतात. लिंबू पिऊन, कॉफी पिऊन किंवा गार पाण्याने अंघोळ करून तो वेग वाढत नाही. उष्मांकही हलके नाहीत. अर्ध्या लिटरमध्ये सुमारे दोनशे कॅलरी, म्हणजे दोन पोळ्या. त्यासोबतचा चखणा वेगळा मोजायचा.

गाडीचं गणित आणखी कडक आहे. भारतात मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर तो गुन्हा आहे. खुद्द बेल्जियममध्ये ही मर्यादा ५० आहे. साठ किलो वजनाच्या माणसाने रिकाम्या पोटी अर्धा लिटर विटबिअर भराभर घेतली, तर रक्तातली पातळी ४० च्या पुढे सहज जाऊ शकते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्यामुळे तेवढ्याच ग्लासात ती आणखी वर जाते. म्हणजे ज्या बिअरला आपण 'ही काय चढते' म्हणतो, तिच्या एकाच ग्लासानंतर आपण कायद्याच्या पलीकडे असू शकतो.

'उन्हाळ्याची बिअर', पण कुणाच्या उन्हाळ्याची?

जाहिरातीत ती 'समर बिअर' म्हणून येते. ठीक आहे, पण समर कुठला? ब्रसेल्समध्ये जुलै महिन्यात दुपारचं सरासरी कमाल तापमान सुमारे २३ अंश असतं. आपल्याकडे महाबळेश्वरला हिवाळ्यातल्या दुपारी साधारण एवढंच असतं. तिथला माणूस अंगणात खुर्ची टाकून ऊन खातो आणि थंडगार ग्लास घेतो. चंद्रपूरला, नागपूरला, जळगावला मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. तिथे ऊन खायचं नसतं, ऊन माणसाला खातं. एका हवामानातली सवय उचलून दुसऱ्या हवामानात आणली, की तिच्यासोबत तिथली सुरक्षितता येत नाही.

उन्हात शरीराची मुख्य गरज दोनच गोष्टींची असते: पाणी आणि मीठ. बिअर दोन्हीत कमी पडते. अल्कोहोल मेंदूतून निघणाऱ्या व्हॅसोप्रेसिन या संप्रेरकाला दाबतं. हे संप्रेरक मूत्रपिंडाला सांगत असतं, "पाणी जपून वापर." तो निरोपच पोचला नाही की मूत्रपिंड पाणी सोडून देतं. अल्कोहोलच्या दर ग्रॅममागे साधारण १० मिली जादा लघवी, असा एक जुना ठोकताळा आहे. माणसागणिक आणि परिस्थितीनुसार तो बदलतो, पण त्या हिशेबाने अर्ध्या लिटरमधले दीड-दोनशे मिली आल्या पावली परत जातात. "बिअरमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच आहे ना?" हा युक्तिवाद म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरून बादली मोठी असल्याचं कौतुक करण्यासारखं आहे. आणि घामावाटे जे सोडियम जातं, ते बिअरमध्ये जेमतेम नावापुरतं असतं.

मग बरं का वाटतं? कारण तहानेचा पहिला दिलासा तोंडातच मिळतो. गार, फसफसणारं, आंबूस काहीही जिभेवर आलं की मेंदू "मिळालं पाणी" म्हणून तहानेची घंटा थांबवतो. रक्तात पाणी पोचायच्या आधीच. घंटा थांबली म्हणजे आग विझली असं नाही.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. उष्माघाताची लक्षणं काय? बरळणं, तोल जाणं, गोंधळणं, चिडचिड, आणि मग शुद्ध हरपणं. दारू चढल्याची लक्षणं काय? तीच. भर दुपारी शेतातल्या पार्टीत, लग्नाच्या वरातीत किंवा सहलीच्या बसमध्ये एखादा माणूस अडखळायला लागला, तर सोबतचे हसतात, "चढली वाटतं, झोपू दे जरा." ज्या अर्ध्या तासात त्याचा जीव वाचू शकतो, तो या हसण्यात जातो. त्यामुळे हे लक्षात ठेवा: उन्हात प्यायलेला माणूस बरळत असेल आणि अंग तापलेलं असेल, तर 'चढली' हे निदान तुम्ही करू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता किंवा ओले फडके फिरवा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नका.

'धने घातलेत, म्हणजे थंडच'

हा खास आपला युक्तिवाद. धने थंड, हे आपण आजीपासून ऐकत आलोय. उन्हाळ्यात लघवीची जळजळ झाली की धन्याचं पाणी, हे घरोघरी चालतं. संत्र्याची साल म्हणजे जीवनसत्त्व, गहू म्हणजे पौष्टिक. वेटरही हीच यादी वाचून दाखवतो आणि आपल्याला आपण काहीतरी सात्त्विक मागवतोय असं वाटू लागतं.

अहो, धने वासापुरते आहेत. अर्ध्या लिटरच्या वाट्याला चिमूटभर. संत्र्याची साल वाळलेली असते आणि उकळत्या रसात पडते; तिच्यात उरतो तो सुगंध. गव्हातला स्टार्च साखरेत आणि त्यातली बरीच साखर अल्कोहोलमध्ये बदललेली असते. उसाच्या रसापासून दारू बनते म्हणून कुणी देशीला 'उसाचा रस' म्हणत नाही. मग गव्हाच्या बिअरला 'गव्हाची' म्हटल्याने ती पोळीच्या नात्यात कशी बसते? धन्याचा थंडावा हवा असेल तर धने रात्री पाण्यात भिजवा, सकाळी गाळून प्या. त्याला मायक्रोब्रुअरी लागत नाही.

"पण डॉक्टर..."

*"मुतखड्यावर बिअर चांगली ना?"* हा सल्ला महाराष्ट्रात पानटपरीवरही फुकट मिळतो. बिअरने लघवी वाढते हे खरं. बिअर पिणाऱ्यांमध्ये खडे कमी आढळल्याची काही निरीक्षणंही आहेत. पण लघवी वाढवायला पाणी पुरतं, आणि पाण्याला यकृत, रक्तदाब, व्यसन ही शेपटं नसतात. उलट बिअरमध्ये, विशेषतः यीस्टसकट पिण्याच्या बिअरमध्ये, प्युरीन असतात. त्याने युरिक ॲसिड वाढतं. तुमचा खडा युरिक ॲसिडचा असेल किंवा तुम्हाला गाऊट असेल, तर तुम्ही औषध म्हणून आजारच पिताय.

*"थोडी घेतली तर हृदयाला बरी, असं वाचलं होतं."* वाचलं असेल, काही वर्षांपूर्वी ते सगळीकडे छापून येत होतं. त्या अभ्यासांत एक मोठी गोची होती. 'न पिणारे' या गटात असे अनेक होते ज्यांनी आजारपणामुळे दारू सोडली होती. त्यांच्याशी तुलना केल्यावर थोडी पिणारे ठणठणीत दिसणारच. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. त्याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत, मोठं आतडं आणि स्त्रियांचे स्तन, या सात ठिकाणच्या कर्करोगांशी त्याचा संबंध आहे. तिथे व्हिस्कीचं अल्कोहोल आणि विटबिअरचं अल्कोहोल असा भेद नाही. रेणू एकच आहे.

*"रोज एकच तर घेतो."* ब्रिटनमध्ये आठवड्याला १४ युनिटपेक्षा जास्त घेऊ नये असा सरकारी सल्ला आहे; एक युनिट म्हणजे ८ ग्रॅम. अर्ध्या लिटर विटबिअरचे जवळपास अडीच युनिट होतात. म्हणजे सहा ग्लासांतच आठवड्याची मर्यादा ओलांडली. 'रोज एकच' म्हणणारा सात घेतो.

यांनी अजिबात नाही

- गरोदर स्त्रिया. एक घोटही नाही, 'हलकी' म्हणून तर नाहीच.
- मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणारे. बिअरने साखर आधी वाढते, पण नंतर काही तासांनी, अनेकदा झोपेत, धोकादायकरीत्या खाली येऊ शकते.
- रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे, विशेषतः उन्हात. घामाने पाणी गेलेलं, गोळीने दाब उतरलेला, वरून अल्कोहोलने रक्तवाहिन्या सैलावलेल्या. उभं राहताच भोवळ येते.
- मेट्रोनिडाझोलसारखी जुलाबाची औषधं, झोपेच्या गोळ्या किंवा फिटची औषधं सुरू असणारे.
- यकृताचा किंवा स्वादुपिंडाचा आजार, गाऊट किंवा पूर्वी व्यसन असलेले.
- सिलिअॅक आजार किंवा गव्हाची ॲलर्जी असलेले. इथे 'गव्हाची' हा शब्द खरोखर महत्त्वाचा आहे आणि नेमका इथेच तो विसरला जातो.

शब्द का महत्त्वाचा आहे

तुम्ही म्हणाल, डॉक्टर एका शब्दासाठी एवढं का तापताय? कारण या शब्दामुळे मला खोटी माहिती मिळते, आणि ती देणाऱ्याला आपण खोटं बोलतोय हे माहीतच नसतं.

रुग्ण ऑपरेशनसाठी दाखल होतो. अर्जावर 'मद्यपान: नाही' लिहितो. घरी वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी तीन-चार मोठे ग्लास बिअर चालू असते, पण ती दारू नाही ना! ऑपरेशन नीट पार पडतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे दिसायला लागतात, माणूस सलाइन उपसून पळायला बघतो. घरच्यांना वाटतं भुलीचा परिणाम झाला, डोक्यात काही बिघडलं. प्रत्यक्षात शरीराला रोजचं अल्कोहोल मिळालेलं नसतं. याची आधी कल्पना असेल तर औषधं देऊन हे टाळता येतं. नसेल तर त्यात जीवही जाऊ शकतो. केवळ एका शब्दामुळे.

म्हणून पुढच्या वेळी डॉक्टरांनी विचारलं की 'हलकी', 'अधूनमधून', 'फक्त बिअर' असं सांगू नका. आकडे सांगा: किती मिलीचा ग्लास, आठवड्यातून किती. आम्ही ओरडायला विचारत नाही, औषध ठरवायला विचारतो.

मग करायचं काय?

जे घेत नाहीत त्यांनी या लेखातलं चवीचं वर्णन वाचून सुरू करू नये. सुरू करण्यासाठी आरोग्याचं एकही कारण नाही.

जे घेतात आणि घेणारच आहेत, त्यांच्यासाठी माझं सांगणं एका वाक्यात मावतं: चव घ्यायची तर चवीपुरती घ्या, तहान भागवायला पाणी प्या. 'मला तिची चव आवडते' हे खरं असेल, तर सगळी चव पहिल्या पाच-सहा घोटांत मिळते. दीडशे मिलीचा छोटा ग्लास मागा. मायक्रोब्रुअरीत असे चवीचे ग्लास मिळतात. ऊन उतरल्यावर, आधी पोटभर पाणी पिऊन, जेवणासोबत, आणि गाडीची चावी दुसऱ्याकडे देऊन. तिसऱ्या ग्लासात संत्र्याची साल शोधणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तिथे शोध वेगळ्याच गोष्टीचा असतो, आणि ते स्वतःशी तरी कबूल करावं.

आणि भर दुपारी घरी आलात की? ताक आहे, मीठ-जिरं घातलेलं. कोकम आहे. पन्हं आहे, मधुमेह असेल तर गूळ-साखर जपून. फारच घाम गेला असेल तर ओआरएसचं एक पाकीट लिटरभर पाण्यात. यातलं काहीच फेसाळत नाही, आणि यातल्या कशाचाच फोटो स्टेटसला ठेवावासा वाटत नाही, हे मान्य. पण शरीराला स्टेटस दिसत नाही.

बिअर हलकी लागते, तिचा हिशेब मात्र जड असतो. ग्लास उचलण्याआधी तो एकदा मनातल्या मनात करा. त्यानंतरचा निर्णय तुमचा.